डाव्या चपलेचं प्रकरण

मामाच्या वहीच्या पहिल्या पानावर मामाचं वर्णन आहे. ते मामाने सांगितलं आणि ताईने लिहून घेतलं, कारण मामाचं अक्षर खुद्द मामालाही लागत नाही. वर्णन असं: "नजर ससाण्याची, डोकं बर्फाचं, पाऊल मांजराचं. या शहरातला एकमेव खासगी गुप्तहेर, ज्याच्यापुढे सत्य स्वतः हात जोडून उभं राहतं." 'एकमेव'च्या खाली दोन रेघा आहेत. लिहिताना ताईने साधा प्रश्न विचारला होता, की चष्म्याच्या दुकानात काचा घासायची नोकरी यात कुठे बसवायची. मामा म्हणाला, ते वेशांतर आहे. गेली अकरा वर्षं मामा वेशांतरात आहे आणि त्याचा महिन्याच्या महिन्याला पगारही घेतो.

ताई चौदा वर्षांची. तिला सहायक कुणी नेमलं हे तिला अजून कळलेलं नाही. प्रत्येक प्रकरणाच्या पानावर तीन रकाने आखायचे, गुन्हा, गुन्हेगार आणि सहायक, हे तिचं काम. तिसऱ्या रकान्यात स्वतःला लिहिताना तिला दर वेळी कसंनुसं होतं. दुसरा रकाना आजवर एकदाही भरलेला नाही.

शनिवारी भाचरांना बाहेर न्यायचं ही मामाची हौस, आणि जिथे तिकीट लागतं तिथे जायचं नाही हा मामाचा बाणा. त्याचं म्हणणं, तिकीट काढून काय कुणीही बघेल, फुकट बघायला अक्कल लागते. या अकलेच्या जोरावर त्यांनी अग्निशमन केंद्र पाहिलं, कोर्टातला एक घटस्फोट पाहिला आणि एकदा दोन तास नुसता रस्त्याचा रोलर पाहिला. अडचण एवढीच होती की दर शनिवारी काहीतरी मागे राहायचं. आधी छत्री, मग पाण्याची बाटली, आणि गेल्या खेपेला चक्क शेंगदाणा. शेंगदाणा म्हणजे ताईचा सहा वर्षांचा भाऊ. तो अकरा मिनिटांनी आगीच्या बंबात झोपलेला सापडला, आणि तोही बंबवाल्यांना.

त्यावर आईने आपल्या धाकट्या भावाला दारातच उभं केलं. या वेळी दोन्ही पोरं आणि त्यांच्या अंगावरची एकूण एक वस्तू परत आली पाहिजे, नाहीतर शनिवार बंद. मामा म्हणाला, "अक्का, तू एका गुप्तहेराशी बोलते आहेस." आई म्हणाली, तेच तर.

तर त्या शनिवारी ठिकाण निवडायची पाळी ताईची होती, आणि तिने लिफ्ट निवडल्या. कुणाला क्रिकेटचं वेड असतं, ताईला लिफ्टचं. शहरातल्या कुठल्या लिफ्टला किती बटणं, कुठली किती सेकंदांत वर जाते, कुठली थांबताना कण्हते, सगळं तिच्याकडे लिहिलेलं. दोन वाजेपर्यंत त्यांनी कापडाचं मोठं दुकान, करवसुली कार्यालय आणि टपाल कचेरी उरकली. शेंगदाण्याने बटणं दाबली, ताईने घड्याळ लावलं, आणि करवसुलीत मामाने लिफ्टमधल्या एका माणसाला "तुम्ही चौथ्या मजल्यावर निघालात" असं सांगून थक्क करायचा प्रयत्न केला. त्या माणसाने नुकतंच चारचं बटण दाबलेलं होतं.

शेवटची लिफ्ट ग्रंथालयातली. ही शहरातली सगळ्यांत जुनी लिफ्ट, जाळीच्या सरकत्या दाराची, आत स्टुलावर लिफ्टमन. ताईचा जीव होता तिच्यावर. वरचा भाग तिला तोंडपाठ होता, पण या लिफ्टच्या पोटाखाली, तळाच्या खड्ड्यात, जुन्या काळच्या दोन मोठ्या स्प्रिंगा आहेत असं तिने वाचलं होतं. लिफ्ट कोसळलीच तर त्यांनी झेलायची. तशा स्प्रिंगा आता कुणी बसवत नाही. त्या बघू द्या म्हणून तिने ग्रंथालयाला तीन अर्ज केले होते, आणि तिन्ही वेळा नाही म्हणून उत्तर आलं होतं.

आज दारावर कागद डकवलेला होता: सोमवारपासून जुनी लिफ्ट बंद, नवी बसणार.

ताईने तो दोनदा वाचला. मग लिफ्टमनला विचारलं, की आज तरी खड्डा बघता येईल का. लिफ्टमन भला माणूस. त्याने स्टूल पुसून शेंगदाण्याला बसायला दिलं आणि सांगितलं की बाळ, माझ्या हातात असतं तर दाखवला असता. खड्डा उघडायचा तर मेकॅनिकबाई लागतात, त्या आज वरच्या खोलीत आहेत, पण कुणाच्या हौसेसाठी त्यांनाही उघडता येत नाही. काही आत पडलं तरच उघडतात. किल्ल्या पडतात, एकदा एका आजोबांची कवळी पडली होती.

ताई रडणाऱ्यातली नव्हे. तिने फक्त खिशातली पेन्सिल काढली आणि तिचं टोक तपासत बसली. हे लक्षण घरात सगळ्यांना ठाऊक होतं, मामा सोडून.

तिसऱ्या मजल्यावर वाचनकक्ष. तिथे ताई खिडकीशी जाऊन बसली आणि मामाने वर्तमानपत्र उघडून लोकांवर नजर ठेवायला सुरुवात केली. दहा मिनिटांत पहिली घटना घडली. मामाचं भिंग गेलं. दुकानातून आणलेलं, तळहाताएवढं, काळ्या मुठीचं. ते सापडलं लिफ्टच्या दारापाशी जमिनीवर. मामाने ते उचललं, फुंकर मारली आणि हलक्या आवाजात सांगितलं की हा इशारा आहे, शत्रूला आपण इथे आल्याचं कळलंय. शेंगदाणा म्हणाला की त्याला शू लागलीय. ताई त्याला घेऊन गेली आणि परत आणून बसवलं.

आणखी पाच मिनिटांनी शेंगदाणा आला तो एका पायाने. म्हणजे पाय दोन होते, चप्पल एकच. लाल, रबरी, उजवी. डावी कुठे गेली विचारलं तर म्हणाला, "माहीत नाही बा."

मामाच्या हातातलं वर्तमानपत्र खाली आलं. त्याला दारात उभी असलेली अक्का दिसली असणार. पण पुढच्याच क्षणी त्याने छाती काढली आणि सहायकाला वही काढायला लावली. चप्पल गेली, म्हणजे शनिवार गेले. म्हणजे हे प्रकरण पाचाच्या आत सुटलंच पाहिजे, कारण पाचाला ग्रंथालय बंद होतं.

पहिला सिद्धान्त असा की चोराला एकच पाय आहे, डावा. दोन पायांचा चोर दोन्ही चपला नेईल, हे शेंबडं पोरही सांगेल. मामाने अख्खा वाचनकक्ष टेबलांखालून तपासला. सगळ्यांना दोन दोन पाय निघाले. एका बाईंनी पाय वर घेऊन विचारलं की उंदीर आहे का, मामा म्हणाला, त्याहून मोठा. त्यावर तीन टेबलं रिकामी झाली.

दुसरा संशयित म्हणजे कोपऱ्यात डोळे मिटून बसलेले एक आजोबा. मामाच्या मते झोपेचं सोंग घेतलेला माणूस घोरत नाही, आणि हे घोरत नव्हते. ताईने सुचवलं की न घोरता झोपणारी माणसंही असतात. मामाने तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि आजोबांच्या पायाचं माप घ्यायला जमिनीवर आडवा झाला. आजोबांनी डोळे न उघडता सांगितलं की नखं कापायची असतील तर उजव्यापासून सुरू करा.

ताईने कपाळाला हात लावला. तिचं म्हणणं साधं होतं: चप्पल गेली कुठे हे लिफ्टमनला विचारावं, तो येणाऱ्याजाणाऱ्यांना बघतो. मामा म्हणाला, हीच तर सहायकांची चूक, ती सरळ रस्त्याने जातात. सापळा लावायला हवा. चोराला डाव्या पायाची चटक लागलीय, तेव्हा डावंच आमिष. असं म्हणून त्याने आपला डावा बूट काढला, जिन्यापाशी मधोमध ठेवला आणि स्वतः कोशांच्या कपाटामागे जाऊन उभा राहिला. मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. ससाण्याची नजर तिथे पोचली नव्हती.

मामा कपाटामागे तीन मिनिटं उभा राहिला. तेवढ्यात त्याच कपाटातला एक जाडजूड खंड कुणीतरी ओढला, पलीकडे मामाचा डोळा दिसला आणि एक कॉलेजातला मुलगा किंचाळला. या गडबडीतून मामा बाहेर येऊन पाहतो तो जिन्यापाशी बूट नाही.

मामाला इतका आनंद झालेला ताईने कधी पाहिला नव्हता. टोळी आहे, टोळी, असं तो पुटपुटत होता. शेंगदाणा मात्र गोंधळला. तो ताईच्या कानात म्हणाला, "मामाचा बूट कुणी घेतला?" चपलेबद्दल त्याने असं एकदाही विचारलं नव्हतं, पण ते ताईच्या तेव्हा ध्यानात आलं नाही.

साडेचारला ताईचा धीर सुटला. मामाला त्याच्या टोळीपाशी सोडून ती शेंगदाण्याला घेऊन लिफ्टपाशी गेली आणि लिफ्टमनला सगळं सांगितलं. त्याने लगेच खिशातून बॅटरी काढली, उकिडवा बसला आणि लिफ्ट आणि मजला यांच्यामधल्या फटीतून खाली झोत टाकला. खोल तळाशी काहीतरी लाल दिसलं.

"ही बघ," तो म्हणाला. "पुस्तकांची गाडी चढवताना मी दार उघडं धरलं होतं, तेव्हा गेली असेल." मग त्याने टोपी मागे सारली आणि ताईकडे पाहिलं. "म्हणजे आता बाईंना बोलवावं लागणार."

ताईच्या हातातली वही खाली पडली.

मेकॅनिकबाई आल्या. बुटक्या, मनगटापर्यंत वंगण, कानावर खडू. त्यांनी लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर नेऊन उभी केली, वीज बंद केली, किल्ली स्वतःच्या खिशात टाकली आणि तळमजल्याचं दार उघडलं. शिडी चार पायऱ्यांची. त्या उतरणार तोच ताईच्या तोंडून निघून गेलं, की स्प्रिंगा वेटोळ्याच्या आहेत का, आणि समतोलाचं वजन डाव्या अंगाला आहे ना. बाई पायरीवरच थांबल्या.

"तीन अर्ज करणारी तूच का?"

ताईने मान हलवली. बाईंनी आपलं शिरस्त्राण काढून तिच्या डोक्यात घातलं, ते नाकापर्यंत आलं. म्हणाल्या, माझा हात सोडायचा नाही आणि सांगितल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही.

खाली स्प्रिंगा होत्या. ताईच्या कमरेएवढ्या उंच, काळ्याभोर, तेलाने चकाकणाऱ्या. इतकी वर्षं त्या तिथे उभ्या होत्या आणि लिफ्ट एकदाही पडली नव्हती, म्हणजे त्यांना कधी काम पडलंच नव्हतं, तरी दर महिन्याला कुणीतरी उतरून त्यांना तेल घालून जात होतं. भिंतीवर खडूने तारखा लिहिलेल्या होत्या, आधीच्या मेकॅनिकांच्या, त्यांच्या आधीच्यांच्या. बाईंनी कानावरचा खडू काढून ताईला दिला. ताईने आजची तारीख लिहिली. तिला भयंकर आनंद झाला होता.

बाईंनी चपलेवरची धूळ झटकली, एकदा चपलेकडे आणि एकदा वरच्या फटीकडे पाहिलं आणि फक्त ताईला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "पायातून निसटलेली चप्पल आडवी पडते. एवढ्याशा फटीतून ती उभी धरून सारली तरच जाते."

ताईने वर पाहिलं. दाराच्या चौकटीत शेंगदाणा लिफ्टमनने बाहेर आणून ठेवलेल्या स्टुलावर बसून अनवाणी पाय हलवत होता. त्याने चटकन छताकडे पाहिलं.

इतक्यात जिन्यावरून मामा आला, एका बुटावर, टाकटूक टाकटूक करत. चप्पल पाहून त्याने जाहीर केलं की टोळीने घाबरून माल टाकून दिलाय. त्याच्या बुटाचंही कोडं तिथेच सुटलं. झाडणाऱ्या मावशी म्हणाल्या, जिन्यात एक फाटका बूट पडला होता, तो त्यांनी हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत दिला. खोलीला कुलूप लागलं होतं. आता पुढच्या शनिवारी.

घरी जाताना बसमध्ये मामाला डुलकी लागली. तो चांगला घोरत होता, म्हणजे सोंग नव्हतं. ताईने शेंगदाण्याकडे नुसतं पाहिलं. शेंगदाण्याने बराच वेळ खिडकीची काच चाटली, मग म्हणाला, "तू पेन्सिल बघत बसली होतीस ना."

ताईने खिशातली पेन्सिल चाचपली.

"आधी मामाचं भिंग टाकून पाहिलं," तो म्हणाला. "ते जाड आहे, जात नाही."

घरी आईने दारातच झडती घेतली. पोरं दोन. बाटली आहे, टोप्या आहेत, चपला चार. तिचा विश्वास बसेना, तिने पुन्हा मोजल्या. मग तिची नजर आपल्या भावाच्या पायांवर गेली. मामा म्हणाला, "अक्का, पोरांच्या अंगावरचं ठरलं होतं." आईने पदर तोंडाला लावला आणि आत गेली. आतून हसू ऐकू आलं, आणि मग तिचा आवाज, की पुढच्या शनिवारी तो बूट घेऊन या, आणि येताना मोजे घ्या.

मामाने वही मागवली आणि सांगायला सुरुवात केली: टोळी, सापळा, शत्रूची पळापळ. ताईने गुन्ह्याच्या रकान्यात 'चप्पल' लिहिलं. मग ती दुसऱ्या रकान्यापाशी थांबली. वही सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच तो भरता आला असता. शेंगदाणा मामाच्या मांडीवर बसून तिच्या पेनाच्या टोकाकडे श्वास रोखून बघत होता.

ताईने रकाना कोराच सोडला आणि पुढे सरकली.

मामाने भिंग लावून पान तपासलं. तिसऱ्या रकान्यात आज दोन नावं होती.

"हा कधी सहायक झाला?" त्याने विचारलं.

"तिसऱ्या मजल्यावर," ताई म्हणाली.