सांबाराच्या वाफ्यातला वाघ

"बारा मिरच्या," वच्छलाबाई म्हणाल्या. "बाराच्या बारा. एक उभी नाई ठेवली."

गुणवंतराव रामटेके यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि परसात नजर टाकली. मिरचीची रोपं मुळं वर करून पडली होती. शेजारीच नाकाला ओली माती लागलेला आरोपी एक कान उभा आणि एक आडवा करून पसरला होता. चौकशी दुसऱ्याच कोणाची तरी चालली आहे, असा त्याचा चेहरा होता.

गुणवंतराव करंजटोल्याचे वनपाल. त्यांचं सरकारी घर गावाच्या शेवटाला, घरामागे वच्छलाबाईंची परसबाग आणि बागेमागे थेट जंगल. मध्ये कुंपण म्हणून काही नव्हतं. कुंपणासाठी गुणवंतरावांनी तीन वर्षांत तीन अर्ज केले होते आणि तिन्ही अर्ज वरच्या ऑफिसात सुखानं नांदत होते. त्यामुळे वांगी अर्धी वच्छलाबाईंची आणि अर्धी शेजारच्या ठमाबाईंच्या शेळ्यांची, अशी वाटणी पडून गेली होती. त्यात दोन वर्षांपूर्वी हा तिसरा वाटेकरी आला.

तो आला तोही रीतसर, कागदोपत्री. रानडुकरासाठी लावलेल्या तारेच्या फाशात अडकून तो तीन पायांवर उभा होता. गुणवंतरावांनी फासा लावणाऱ्याला पकडलं आणि तिथेच पंचनामा केला. तारेचा फासा एक, खुंट्या दोन, कुऱ्हाड एक, एवढं लिहून झाल्यावर एका पंचानं शंका काढली की फाशात जे आहे तेही लिहायला नको का. म्हणून शेवटी 'कुत्रा एक, जिवंत' असं लिहिलं गेलं. जप्तीचा माल केसचा निकाल लागेपर्यंत सांभाळावाच लागतो. वच्छलाबाई नाक मुरडत का होईना तयार झाल्या, पाय बरा होईपर्यंत त्याला हळदही लावली. गावानं त्याचं नाव जप्त्या ठेवलं.

"केस कवा सुटते जी?" वच्छलाबाईंनी आता विचारलं.

"तारीख पडली," गुणवंतराव बशीकडे पाहत म्हणाले.

हे खोटं होतं. केस मार्चातच सुटली होती. आरोपीला दंड झाला आणि 'कुत्र्याची योग्य ती विल्हेवाट लावावी' असा कागद आला. तो कागद गुणवंतरावांनी पेटीच्या तळाशी, थंडीच्या खाकी कोटाच्या आतल्या खिशात ठेवून दिला होता. मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यात लोकरीच्या कोटाला कोण हात लावणार, हा त्यांचा हिशेब होता. बाईंना हे कळलं असतं तर जप्त्याची रवानगी त्याच दिवशी ठरलेली होती, आणि गुणवंतरावांचा त्या कुत्र्यावर भारी जीव होता. जंगलातून थकून आल्यावर त्यांचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणारं घरात तेवढं एकच होतं.

"सुटली का त्याच दिवशी याले सिंदेवाहीच्या बाजारात सोडून या," वच्छलाबाई म्हणाल्या. "वांग्याचं सोसलं, मिरचीचं सोसलं. आता सांबाराले तोंड लावलं ना, तर केस सुटो का नोको सुटो."

सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि ती त्यांचा जीव की प्राण होती. भर उन्हाळ्यात तुराट्यांचा मांडव घालून, सकाळ-संध्याकाळ विहिरीचं पाणी वाहून त्यांनी तो वाफा हिरवागार ठेवला होता. अख्ख्या करंजटोल्यात त्या दिवसांत दुसरीकडे सांबाराची काडी नव्हती.

त्याच आठवड्यात वाघांची मोजणी चालली होती. या कामात गुणवंतरावांचा हात धरणारा त्या बाजूला कोणी नव्हता. नाल्याच्या ओल्या वाळूत वाघाच्या मागच्या डाव्या पायाचा ठसा शोधायचा, त्यात प्लास्टर ओतायचं आणि सुकलं की उचलायचं. मग वाघाचा पाय जसाच्या तसा हातात येतो. दरवेळी डावा मागचाच घ्यायचा, म्हणजे एक वाघ दोनदा मोजला जात नाही. नुसता ठसा पाहून गुणवंतराव वाघ नर की मादी, वय काय, कधी गेला हे सांगत. त्याचं पोट भरलं होतं की नाही तेही हे सांगतील, असं वच्छलाबाई म्हणत.

यंदा त्यांच्या वाट्याच्या जंगलात तीन वाघ निघाले. तिघांचे तीन पाय पडवीत गोणपाटावर वाळत ठेवले होते आणि सोमवारी रेंजर दाणी साहेब ते न्यायला येणार होते. रविवारी संध्याकाळी वच्छलाबाईंनी वाफ्याला पाणी घातलं. जप्त्यानं गोणपाटाला दोन प्रदक्षिणा घातल्या, पण त्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

सोमवारी सकाळी परसातून हाक आली. "अवो, इकडं या. वाघ येऊन गेला."

गुणवंतराव दाढीचा साबण तसाच ठेवून धावले. वच्छलाबाई वाफ्याशी छातीवर हात ठेवून उभ्या होत्या. पाण्याची बादली मात्र त्यांनी नीट बाजूला ठेवली होती. सांबाराच्या मऊ चिखलात एकामागे एक चार ठसे उठले होते, हातभर अंतरानं, रेषेत. गुणवंतराव उकिडवे बसले. साबणाचा फेस गालावर वाळू लागला तरी ते उठले नाहीत.

"नर हाय," ते शेवटी म्हणाले. "सहा-सात वर्साचा. राती आला. घाईत नवता, आरामात गेला." मग त्यांनी पंज्याच्या गादीच्या कडेची खाच बोटानं दाखवली. "आन हा कोन हाय सांगू का? हा पळसनाल्याचा. चार दिवसांआधी मीच याचा पाय उचलला. आपलाच गडी हाय."

वच्छलाबाईंनी तोंडाला पदर लावला. भीतीच ती, असं गुणवंतरावांना वाटलं.

नऊ वाजेपर्यंत सगळा गाव परसाच्या कडेला जमला. ठमाबाईंनी सांगितलं की पहाटे त्यांनी डरकाळी ऐकली. त्यांनी ऐकल्यावर आणखी चौघांनी ऐकली. गावातल्या पत्रूनं तर शेपूट पाहिली. मास्तरांनी सुटीतला जादा वर्ग सोडून दिला. तेंदूपत्ता तोडायला निघालेल्या बाया अर्ध्या वाटेतून परतल्या आणि पानं मोजून घ्यायच्या फडीवरचा मुनशी मुखरू कपाळाला हात लावून बसला, कारण पानं काही स्वतःहून गोळा होणार नव्हती. त्यानं सायकल मारून रेंजर साहेबांना निरोप पोचवला. ठमाबाईंनी शेळ्या घरात कोंडल्या. तीन वर्षांत वांग्यांना एवढी शांत सकाळ मिळाली नव्हती.

मग कोणीतरी विचारलं की वाघ परसात आला, तर हा कुत्रा जिवंत कसा. सगळ्यांनी जप्त्याकडे पाहिलं. तो विहिरीच्या सावलीत पोट वर करून झोपला होता.

"कसा म्हंजे?" वच्छलाबाई म्हणाल्या. "त्यानंच पळवलं वाघाले. मी आवाज ऐकला ना."

त्या घरात गेल्या आणि जर्मनच्या थाळीत दूध-भाकर कुस्करून घेऊन आल्या. ती त्यांनी सगळ्यांसमोर जप्त्यापुढे ठेवली. गुणवंतरावांचा डोळ्यांवर विश्वास बसेना. कुत्र्याचं नशीब एका रात्रीत फळफळलं होतं आणि त्यांना मनापासून आनंद झाला.

तो आनंद टिकला तो सुकलू येईपर्यंत. सुकलू म्हातारा वनमजूर, जन्म जंगलात गेलेला, बोलणं मोजकं. त्यानं वाफ्याभोवती एक चक्कर मारली आणि गुणवंतरावांना बाजूला घेतलं.

"साहेब, एक विचारू जी?"

"विचार."

"हा वाघ लंगडी खेळून राह्यला होता का?"

गुणवंतराव वाफ्याशी परत गेले. पहिला ठसा डावा मागचा. दुसरा डावा मागचा. तिसराही, चौथाही. ते पडवीत गेले. गोणपाटावर दोनच पाय होते. पळसनाल्याच्या वाघाच्या जागी प्लास्टरची भुकटी आणि कुत्र्याचे दोन केस तेवढे होते.

जप्त्याच्या मिशा पांढऱ्या दिसत होत्या. दुधानं असतील असं कोणीही म्हटलं असतं, पण गुणवंतरावांना आता ते प्लास्टर दिसत होतं. खरं बोलावं तर गावासमोर 'आरामात गेला' म्हणणाऱ्या वनपालाची अब्रू जाते. अब्रूचं एक वेळ चाललं असतं, पण सांबारात ज्यानं प्लास्टर नाचवलं तो कोण, हे कळलं की जप्त्याही जातो. त्यांनी सुकलूकडे पाहिलं. सुकलूनं आभाळाकडे पाहिलं.

"ऊन वाढलं," गुणवंतराव बादली उचलत मोठ्यानं म्हणाले. "सांबाराले पानी देऊन देतो."

"खबरदार," वच्छलाबाई म्हणाल्या. चारही ठशांवर त्यांनी चार टोपल्या पालथ्या घातल्या होत्या. "साहेब पाहून जात नाई तवर कोनी बोट लावाचं नाई."

अकराच्या सुमाराला जीप आली. दाणी साहेब नाशिककडचे, नव्यानं रुजू झालेले आणि पुस्तकाबरहुकूम चालणारे. वच्छलाबाईंनी रुखवतावरचं कापड काढावं तशी एकेक टोपली उचलली. साहेब वाकले, पट्टी लावली, वहीत आकडे लिहिले. मग कपाळाला आठी पडली.

"रामटेके, हे चारही डाव्या मागच्या पायाचेच कसे?"

गुणवंतरावांनी घसा साफ केला. "साहेब, वाघाचा मागचा पाय पुढच्याच्या ठशावर पडतो. म्हणून पुढचे दिसत नाहीत. आणि वाफा अरुंद आहे. डावी बाजू चिखलात आली, उजवी बांधावर. बांध दगडासारखा आहे, तिथं काय उमटणार?"

साहेबांनी बांधावर बूट आपटून पाहिला. बूट उमटला नाही. "बरोबर," ते म्हणाले आणि तेही लिहून घेतलं. सुकलूला खोकला आला म्हणून तो विहिरीमागे गेला.

"बरं, तुमचे तीन साचे द्या. मी निघतो."

"दोन आहेत, साहेब," गुणवंतराव म्हणाले. "पळसनाल्याचा... तो राहिला नाही."

आता काही खरं नाही, असं त्यांना वाटलं. पण साहेब हसले. "राहिला नाही तर राहिला नाही. हा तोच वाघ आहे, असं मुखरूच्या निरोपात होतं ना? मग इथेच पुन्हा घ्या. असा स्वच्छ ठसा नाल्यात तरी मिळेल का?"

प्लास्टर कालवलं, ओतलं, सुकलं. अर्ध्या तासानं गुणवंतरावांनी वाघाचा पाय उचलून साहेबांच्या हातात दिला. खाच जिथल्या तिथे होती. वाघ तीन होते, तीनच राहिले. एवढा सुबक साचा आपण आजवर पाहिला नव्हता, असं साहेब म्हणाले. गुणवंतरावांनी पाहिला होता.

जाताना साहेबांनी विचारलं की घर जंगलाला लागून असताना कुंपण कसं नाही. गुणवंतरावांनी तोंड उघडायच्या आत वच्छलाबाई घरातून तिन्ही अर्जांच्या नकला घेऊन आल्या. दोऱ्यानं बांधून तयारच होत्या. साहेब ओशाळले. पाऊस सुरू व्हायच्या आत खांब आले, काटेरी तार आली, फाटकही आलं. ठमाबाईंच्या शेळ्या तारेबाहेर उभ्या राहून वांग्यांकडे पाहू लागल्या. जप्त्याला रोज थाळी मिळू लागली. केसची तारीख मात्र दर महिन्याला पडत राहिली.

धान कापणीला आलं आणि पहाटेची थंडी सुरू झाली. एका सकाळी वच्छलाबाईंनी खाकी कोट उन्हात घालून, झटकून, गुणवंतरावांच्या हातात दिला. गुणवंतरावांनी तो घेतला आणि हळूच आतला खिसा चाचपला. खिसा रिकामा होता.

वच्छलाबाई धानाच्या कोठीपाशी गेल्या. कोपरापर्यंत हात घालून त्यांनी फडक्यात बांधलेलं काहीतरी काढलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं. आत प्लास्टरचा पाय होता. कडेला दातांच्या खुणा होत्या.

"हा तुमचा पळसनाल्याचा."

गुणवंतराव खाली बसले. "तुले कवा सापडला?"

"त्याच सकाळी. वाफ्यात पालथा पडला होता, हा बाजूले झोपला होता. उचलला तर खाली पाय उमटला. म्हटलं, साहेब आज येनारच हायेत. अर्जानं कुंपन येत नाई, वाघानं येईल. पन एका पायाचा वाघ कोन मानते? म्हनून आनखी तीन उमटवले."

"वच्छला, चारही डावे मागचे होते."

"माह्याजवळ तेवढाच होता."

गुणवंतरावांनी पाय उलटासुलटा करून पाहिला. "मले तरी सांगाचं."

"सांगनारच होती. पन तुमी बसले आन म्हने, घाईत नवता, आरामात गेला. एवढं खरं सांगून राह्यले होते, मंग मधात काऊन बोलू?"

मग त्यांनी फडक्याच्या गाठीतून एक घडी घातलेला कागद काढला. गुणवंतरावांनी तो लांबूनच ओळखला. मार्चपासून आजपर्यंतच्या सगळ्या तारखा त्यांच्या डोळ्यांपुढून गेल्या. ते उठले आणि कोपऱ्यातली दोरी हातात घेतली.

"सिंदेवाहीचा बाजार कोन्या दिवशी असते?" त्यांनी पडलेल्या आवाजात विचारलं.

"कायले?"

"केस सुटली ना. विल्हेवाट लावाची हाय."

"योग्य ती, असं लिवलं हाय त्याच्यात. मी वाचलं," वच्छलाबाई म्हणाल्या. "ते मी कवाचीच लावली. तुमी दोरी ठेवा खाली."

त्यांनी कागद चुलीत घातला आणि थाळीत दूध-भाकर कुस्करली. परसात नव्या सांबाराच्या वाफ्यात, अगदी मधोमध, जप्त्या ऊन खात पडला होता. त्याच्या अंगाखालची रोपं पार भुईसपाट झाली होती. वच्छलाबाईंनी ते पाहिलं, थाळी वाफ्याच्या कडेला ठेवली आणि उरलेल्या सांबाराला पाणी घालायला लागल्या.