प्रिंटरचा आजचा पत्ता

एकाच जागी राहिलेली वस्तू चोराला सापडते, हे सत्य प्रत्येक प्रगत कार्यालयाला कधी ना कधी उमगतेच. दाखले छापणाऱ्या या कार्यालयाला ते सहा वर्षांपूर्वी उमगले. सुरक्षा कक्षाने ठराव केला की संगणकाच्या मेमरीतली प्रत्येक गोष्ट रोज सकाळी नव्या जागी हलवायची. (चोर अद्याप आलेला नाही. यश म्हणतात ते हेच.)

पंचाईत झाली ती कार्यालयाचे संगणक सांभाळणाऱ्या मास्तरांची. संगणकाचे म्हणणे प्रिंटरच्या कानावर घालणारा जो छोटा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, तो मास्तरांनी लिहिलेला. छापायचा मजकूर मेमरीत कुठे मांडायचा तो पत्ता त्यांनी त्यात थेट आकड्यात ठोकून दिला होता. तेव्हा कुणी काही हलवत नसे हो!

ठरावानंतर मास्तर रोज साडेनऊला सुरक्षा कक्षापुढे रांगेत उभे राहत, नव्या आकड्याची चिठ्ठी आणत, जुना आकडा पुसून नवा घालत. असे १,४६८ वेळा झाले, पैकी १,४६७ वेळा बिनचूक. एकदा अंगात ताप होता, दोन अंक उलटे पडले आणि दाखल्यांचा मजकूर हजेरीपटाच्या जागेत जाऊन बसला. त्या दिवशी हजेरी १३४ टक्के भरली. (उत्तम उपस्थितीची ढाल कार्यालयालाच मिळाल्याने चौकशी आवरती घेण्यात आली.)

रजेचे तर नावच नको. "मास्तर, तुमच्यावाचून इथे पान हलत नाही," असे कार्यालयप्रमुख बाई म्हणायच्या, आणि मास्तर चिठ्ठी घेऊन ताठ मानेने जिना चढायचे.

मग लेकीचा फोन आला. "बाबा, पहिल्या बाळंतपणाच्या वेळी तुम्ही चिठ्ठीच्या रांगेत होतात. आता दुसरं आहे. या वेळी तरी या ना."

मास्तरांना गलबलून आले. दोन रविवार खर्ची घालून त्यांनी चाळीस ओळी लिहिल्या. आता सकाळी सुरू होताच ड्रायव्हर सिस्टिमलाच विचारी, आज माझी जागा कुठली? आणि ती सांगेल तिथे मुकाट मजकूर मांडी. (जगातले बहुतेक ड्रायव्हर पहिल्यापासून हेच करतात. पण विचारण्यात कमीपणा वाटणारी माणसे सगळ्याच धंद्यांत असतात.)

सोमवार ते गुरुवार मास्तरांनी बोटही लावले नाही. प्रिंटर खडखडत राहिला, एक दाखला चुकला नाही. शुक्रवारी ते अर्ज घेऊन बाईंसमोर गेले.

"पंधरा दिवस? आणि चिठ्ठी कोण आणणार?"

"लागत नाही आता. ड्रायव्हर स्वतःच विचारून घेतो."

"रोज? चुकत नाही?"

"चार दिवसांत तरी नाही."

बाईंचा चेहरा खुलला. "अहो, मग पंधराच का? दोन महिने जा! तुम्ही नसलात तरी काही अडत नाही की!" हे त्या अगदी मायेने म्हणाल्या आणि मान वर न करता सही करून मोकळ्या झाल्या.

मास्तर जागेवर आले. समोर प्रिंटर एकटाच मजेत छापत होता. मास्तरांना त्याचा राग आला. इतकी वर्षे ज्याची उस्तवार केली, त्याने एका शब्दाने ओळख दाखवू नये?

सोमवारी साडेनऊला मास्तर रांगेत पहिले होते. चाळीस ओळी त्यांनी पुसल्या, आकडा घातला, रजेचा अर्ज परत मागून घेतला. बाई हळहळल्या, पण थांबवले नाही.

"नाही गं जमत," त्यांनी लेकीला फोनवर सांगितले. "माझ्यावाचून इथे सगळं अडतं."

"हो बाबा," ती म्हणाली. "माहीत आहे मला."

बुधवारी नात झाली. मास्तर रांगेत होते.

वाचकांनी मास्तरांना खुशाल हसावे. मात्र आपल्यावाचून अडावे म्हणून, कचेरीत किंवा घरात, आपणही कुणाला न सांगता एखादा आकडा जपून ठेवला आहे का, तेवढे आठवून पाहावे. (आठवला ना? मग कुठे लिहून ठेवू नका. कुणीतरी वाचेल, आणि तुम्हाला रजा मिळेल.)