आटपाडीच्या ओवीचं जतन

कोणतीही कला कलावंताच्या भरवशावर सोडली की ती बुडते, हे इतिहासाने वेळोवेळी सिद्ध केलेलं आहे. कलावंत गातो, वाजवतो, म्हातारा होतो आणि मरतो. मागे कागद म्हणून काही ठेवत नाही. ही उणीव ओळखूनच सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांसाठी आमचा कलावंत कल्याण व संवर्धन महासंघ स्थापन झाला. मी त्याचा चिटणीस. कार्यालय वाईला आहे, कारण अध्यक्ष वाईचे. कलावंत बरेचसे तिकडे आटपाडीच्या बाजूला राहतात, पण त्याला महासंघाचा इलाज नाही.

एकूण सभासद एक हजार एकशे चौदा. त्यांत कलावंत नऊ. (बाकीचे मार्गदर्शक.) अध्यक्ष इंद्रजितदादांचा कलेशी संबंध काय, असं विचारणारे काही नतद्रष्ट लोक आहेत. दादांची दोन मंगल कार्यालयं आहेत आणि दोन्हीकडे मुहूर्ताला सनई लागते, एवढं उत्तर त्यांना पुरे.

तर अशा या महासंघाकडे जानेवारीत आटपाडीचे जोतीरामआण्णा आले. वय अठ्ठ्याहत्तर, धनगरी ओव्या गाणारे. बरोबर बायको, बनुबाई. तीन एसट्या बदलून आले होते. आण्णांना अडीच तासांची एक ओवी येते. ती येणारं आता दुसरं कोणी नाही; जोडीदार वारला, मुलगा पलटणीत. आण्णांच्या घशात गाठ निघाली होती आणि डॉक्टरांनी मार्चमधल्या दुसऱ्या सोमवारची तारीख दिली होती. ऑपरेशननंतर जीव राहील, आवाज राहणार नाही. त्याआधी महासंघाने ती ओवी एकदा सबंध रेकॉर्ड करून ठेवावी, एवढंच त्यांचं मागणं होतं.

“आवं सायेब, गळा त्या सोमवारपतूरच हाय,” आण्णा म्हणाले.

मी त्यांना अर्ज दिला आणि कलावंत असल्याचा पुरावा जोडायला सांगितलं. त्यांनी तिथल्या तिथे कानावर हात ठेवून गायला सुरुवात केली. मला थांबवावं लागलं. गळा अर्जाला टाचता येत नाही. वर्तमानपत्रातलं कात्रण, मान्यवरांबरोबरचा फोटो किंवा सरपंचांचा दाखला असं काही लागतं. सरपंचांनी दाखला दिला, पण त्यात ‘सदर इसम मेंढ्या राखतो’ एवढंच लिहिलं, म्हणून छाननी समितीने तो परत पाठवला. दुसरा येऊन मंजूर होईपर्यंत फेब्रुवारी संपला. (समितीची बैठक महिन्यातून एकदाच होते. त्यांनाही घरसंसार आहे.)

तरी महासंघाने माणुसकी सोडली नाही. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, रविवारी, दादांच्याच मंगल कार्यालयात ‘लोप पावणाऱ्या कलेचं जतन’ हा सोहळा ठरला. शूटिंगला शिवतेजला बोलावलं. लग्नाच्या शूटिंगमध्ये तालुक्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही.

दहाचा सोहळा साडेअकराला सुरू झाला. आधी मान्यवरांना फेटे. मान्यवर एकेचाळीस, फेटे बांधणारा एक. मग शाल-श्रीफळ. मग ज्यांनी शाली दिल्या त्यांचा सत्कार, कारण देणाऱ्याने तरी कोरडं का जावं? आण्णा खांद्यावर घोंगडं टाकून, ढोलवाल्याबरोबर कोपऱ्यात उभे होते. व्यासपीठावर खुर्च्या कमी पडल्या होत्या. बनुबाई एकदा माझ्यापाशी आल्या.

“त्यांस्नी आदी गाऊ द्या, सायेब. मग कुणाला काय गुंडाळायचं त्ये गुंडाळा.”

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण कार्यक्रमपत्रिका छापून झाली होती.

दादांनी ‘मी कला मरू देणार नाही’ हे पन्नास मिनिटं सांगितलं. अडीच वाजता आण्णांनी कानावर हात ठेवला, ढोलावर थाप पडली आणि सूत्रसंचालकांनी जेवण तयार असल्याचं जाहीर केलं. (बासुंदी होती.) आण्णा थांबले नाहीत. अडीच तास गायले. समोर बनुबाई होत्या आणि दोनशे रिकाम्या खुर्च्या.

ऑपरेशन उत्तम झालं. आवाज गेला, माणूस वाचला.

एप्रिलमध्ये बनुबाई रेकॉर्डिंग न्यायला आल्या. आमच्या कॉम्प्युटरवर त्यांनी ते सबंध पाहिलं. काम चोख होतं. एकेचाळीस फेटे, एकूण एक शाली, दादांचं सगळं भाषण; एकही मान्यवर सुटलेला नाही. मग आण्णांनी कानावर हात ठेवला आणि लगेच पुढे पंगत. मी शिवतेजला बोलावून घेतलं.

“आजी, पंगत ऱ्हायली तर लोकं लय बोलत्यात,” तो म्हणाला. सात वर्षांच्या धंद्यात त्याची एकही पंगत चुकलेली नाही, हेही त्याने सांगितलं. ते खरंच आहे.

बनुबाईंचं लक्ष पडद्यावर होतं. वाढपी बासुंदी घेऊन फिरत होते आणि पलीकडच्या हॉलमधून, फार लांबून, आण्णांचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते. बनुबाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि कॉम्प्युटरला कान लावला.

“त्या ताटांचा आवाज तेवढा कमी करा, सायेब,” त्या म्हणाल्या.

तशी सोय नसते. मी त्यांना तसं समजावून सांगितलं.

महासंघाने या प्रकाराची गंभीर दखल घेतली असून, येत्या वर्षीचा जीवनगौरव जोतीरामआण्णांना एकमताने जाहीर केला आहे. पत्रिका छापायला गेली आहे. तीत आण्णांच्या मनोगताला दहा मिनिटं ठेवली आहेत.

आता थोडं आपल्याविषयी, वाचकहो. फेटे किती होते आणि जेवणात काय होतं, हे आपल्याला इथवर नीट कळलेलं आहे. ती ओवी कशाची होती, हे मात्र मी कुठेच लिहिलेलं नाही, कारण मला ठाऊक नाही. मी बासुंदीला होतो. पण त्यावाचून आपलंही कुठे अडलं नाही. अशा रसिकांची महासंघाला नेहमीच गरज असते. सभासदत्वाचा अर्ज कार्यालयात मिळेल. (मार्गदर्शकांना पुरावा लागत नाही.)