पुराव्याशिवाय भडंग नाही

मालनताई कांबळे भडंगाचा डबा पोटाशी धरून बसतात आणि पुरावा मागतात. गेल्या आठवड्यात वाचलेल्या संशोधनातलं काय एका तरी पेशंटसाठी वापरलं, हे सांगितल्याशिवाय त्या झाकण उघडत नाहीत.

उचगावात आमच्या घरासमोर त्यांचं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. दर शनिवारी सकाळी, पेशंट यायच्या आधी, त्या आपल्या तीन सहकाऱ्यांना बसवून एक शोधनिबंध वाचतात. मी कॉलेजातला निवृत्त ग्रंथपाल, म्हणून अवघड इंग्रजी सोडवायची जबाबदारी माझ्यावर. माझी बायको सुमन गुडघ्याच्या व्यायामाला तिथं जायची. तिनंच मला ओढून नेलं.

पुराव्याचं हे वेड क्लिनिकपुरतं नाही. भाजीवाल्यानं कारलं साखरेवर गुणकारी म्हटलं की मालनताईंचा प्रश्न तयार, "किती जणांवर बघितलं?" तो बिचारा कारली परत टोपलीत ठेवतो. चांगला निबंध मिळाला की त्या रस्त्यातूनच हाक देतात, "सर, घावलं की!" पलीकडच्या गल्लीला वाटतं, हरवलेली म्हैस सापडली.

त्यांचे सहकारी पाटील शेकाच्या मशीनचे भक्त. शेकल्याशिवाय पेशंटला काही केल्यासारखं वाटत नाही, हे त्यांचं ठाम मत.

"वाटण्याचं सांगू नका पाटील. पेशंट चालतंय किती, ते मोजलंय काय?"

तीन शनिवार पाटलांना भडंग मिळालं नाही. चौथ्या आठवड्यात त्यांनी कंबरदुखीच्या एका आजोबांना शेकाऐवजी थोडं थोडं चालायला लावलं, रोजचं अंतर वहीत लिहिलं. त्या शनिवारी त्यांनी डब्यात असा हात घातला की शेंगदाणे उरले नाहीत. मालनताई लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवत होत्या.

मग सुमन गेली. मी दार लावून बसलो, तो महिनाभर. एका शनिवारी मालनताई दारात येऊन म्हणाल्या, "चला सर."

"माझ्यासारख्यानं घराबाहेर पडावं, याला पुरावा काय?" मी विचारलं.

त्या पायरीवर बसल्या.

"लई शोधलं सर. नेमकं तुमच्यासारख्याचं काय घावलं न्हाय." मग रस्त्याकडं बघत म्हणाल्या, "आमच्या बाबांची कंबर धरलीती. मी नवीन शिकून आलतो. झोपूनच ऱ्हावा म्हटलं. हलतं ठेवा, असं कवाच छापून आलतं. मी वाचलं नव्हतं. बाबा परत धड चालले न्हाईत."

मी चपला घातल्या.

वाचन झालं. माझी पाळी आली. या आठवड्यात वेगळं काय केलं, हे मलाही सांगणं भाग होतं.

"रस्ता ओलांडला," मी म्हणालो.

मालनताईंनी झाकण काढून अख्खा डबा माझ्या मांडीवर ठेवला. पुरावा मागितला नाही.