पांढऱ्या वेणीची निर्यात

माल परदेशात कसा खपवायचा, हे मला विचारा. अलिबागला शिबिर केलंय मी, अख्खा एक दिवस, जेवणासकट! आमची सोनल, म्हणजे माझी धाकटी जाऊ, कसल्या शिबिराला गेली नाही, तरी तिचं कोकम सरबत लंडनला जातं. मला नाही बघवत. सरळच सांगते, छातीत जळजळ होते.

माझा धंदा पांढऱ्या कांद्याचा. आमच्याकडे कांद्याच्या पातीची वेणी घालून ती विकतात, आणि माझ्यासारखी घट्ट वेणी गावात कुणाची नाही. शिबिरातले सर म्हणाले होते, वस्तू विकू नका, गोष्ट विका. शिवाय माणसाचा चेहरा दाखवा. म्हणून मी 'कांदा' हा वासाचा शब्दच गाळला. मोबाइलकडून इंग्रजी करून घेऊन नेटवर जाहिरात टाकली: 'आजीची पांढरी वेणी. अस्सल. उन्हात वाळवलेली.' वर सासूबाईंचा फोटो टाकला, पांढरीशुभ्र वेणी खांद्यावरून पुढे घेतलेला.

चौथ्या दिवशी लंडनहूनच विचारणा आली. दोनशे वेण्या हव्यात! सोनलकडे पन्नासाच्या वर बाटल्या कुणी मागितल्या नव्हत्या. मी वाडीभर पेढे वाटले. तिला दोन दिले, मुद्दाम.

गिऱ्हाईक फार हळवं निघालं. एवढ्या वेण्या देणार कोण, म्हणून विचारलं. मी कळवलं, गावोगावच्या बायका आहेत. राजीखुशीने देतात ना? अहो, हौसेने देतात. कापताना त्रास होतो का? मी खरं तेच लिहिलं, डोळ्यांतून पाणी येतं, पण सवय होते. मग म्हणाला, आधी एक नमुना पाठवा.

तो पाठवायचा कसा, हे सोनललाच ठाऊक. नाक मुठीत धरून तिला विचारलं. तिने मात्र हसत खोकं भरलं, आणि वेणी आत हलू नये म्हणून मोकळ्या जागेत कोकमची बाटली कोंबली.

खोकं पोचलं तसा साहेबाचा व्हिडिओ कॉल आला. वेणी हातात धरून तो चक्क डोळे पुसत होता. मी सोनलला म्हटलं, बघ, याला म्हणतात गोष्ट विकणं. पण त्याचं बोलणं काही मला कळेना, म्हणून फोन तिच्याच हातात द्यावा लागला. ऐकता ऐकता तिने ओढणी तोंडात कोंबली.

"ताई, हे नाटकवाल्यांसाठी केसांचे टोप बनवतात. विचारतायत, आजींचे केस कुठेत?"

मागे उभ्या सासूबाईंनी पदर डोक्यावर घट्ट ओढला. "मी न्हाय कापू देनार."

माझ्या दोनशे वेण्या तिथल्या तिथे गेल्या. फोन ठेवता ठेवता साहेबाने विचारलं, त्या बाटलीतलं लाल काय होतं, आमच्या नाटक मंडळींनी एका बैठकीत संपवलं. सोनलने तिथेच दोनशे बाटल्यांची ऑर्डर घेतली.

मी ओटीवर जाऊन बसले, तर ही पेला घेऊन आली.

"घ्या ताई. जळजळीवर चांगलं असतं."

प्यायले. दोन घोटांत थांबली हो. आता त्याचीच जळजळ होतेय.