ब्रिजेटची गोळी

मंगळवारी सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी ब्रिजेटच्या सासऱ्यांनी ओटमीलच्या शेवटच्या घासाबरोबर कोलेस्टेरॉलची पिवळी गोळी गिळली, आणि ब्रिजेटच्या डोक्यात ट्यूब पेटली. ही गोळी सासरे घेतात, शेजारच्या मिसेस डुडा घेतात, पोस्टमन घेतो, चर्चचे पाद्रीबाबासुद्धा घेतात. न्यू जर्सीतल्या त्या गावात पन्नाशी ओलांडलेला माणूस ती गोळी घेतल्याशिवाय दिवस सुरूच करत नसे. जी गोळी अख्खं गाव खातं, ती करणाऱ्या कंपनीला मरण कुठलं?

ब्रिजेटकडे कुंपणासाठी साठवलेले चार हजार डॉलर होते. घरामागे ओढा होता, आणि तिची अकरा महिन्यांची लेक एडी टेबल धरून उभी राहायला लागली होती. (ओढ्याला घोटाभर पाणी होतं. पण आईच्या डोळ्यांना घोटाभरसुद्धा पुरुषभर दिसतं.) कुंपणवाला सहा हजार मागत होता. एडी चालायला लागेपर्यंत चाराचे सहा झाले की झालं, असं म्हणत तिने एका हातात दुधाची बाटली आणि दुसऱ्या हातात फोन धरून त्या कंपनीचे शेअर घेऊन टाकले. नवरा टॉड ट्रक घेऊन ओहायोला गेला होता. त्याला तिने कळवलं नाही. चांगली बातमी पिकली की सांगावी.

गुरुवारी ती सासऱ्यांचं औषध आणायला गेली आणि सहज म्हणून औषधाच्या दुकानदारांना, मिस्टर सिकोरांना, विचारलं, की ही गोळी जोरात खपत असेल ना. दुकानदार म्हणाले, पुढच्या महिन्यापर्यंत खपेल. पेटंट संपतंय. आजवर ही गोळी त्या एकाच कंपनीने करायची असा कायदा होता, आता कुणीही करील आणि दहाव्या हिश्शात विकील.

"कुणीही म्हणजे?"

"तू आणि मी सोडून सगळे."

"पण हे कंपनीला माहीत आहे का?" ब्रिजेटने घाबरून विचारलं.

"कंपनीला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, पोरी. तुला नव्हतं?"

शेअर उतरायला लागलेच होते. विकले तर तोटा, ठेवले तर घोर. शेवटी तिने ठरवलं, की कंपनी आपणच वाचवायची. लोकांनी पिवळीच गोळी मागितली की प्रश्न मिटला. सुरुवात घरापासून केली. सासरे लेनर्ड त्याच कंपनीतून रिटायर झालेले, आणि दर रविवारी पेपरातली सवलतीची कुपनं कात्रीने कापून ठेवणारे.

"डॅड, स्वस्तातली गोळी आली तरी घ्यायची नाही हं. तिच्यात काय असेल कुणाला ठाऊक."

"मला ठाऊक आहे. दहा वर्षं मीच बाटल्यांत भरली. तेच असणार." मग त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "पण स्वस्त म्हणजे किती?"

इथेच तिने सावध व्हायला हवं होतं. पण रविवारी चर्चमध्ये सगळ्यांनी घरून एकेक पदार्थ आणून एकत्र जेवायचं होतं. ब्रिजेट ट्यूना-नूडल्सचा ट्रे घेऊन टेबलाटेबलावर फिरली. पुढच्या महिन्यात गोळी दहाव्या हिश्शात मिळेल, पण भुलू नका, असं तिने तारखेसकट सांगितलं. हातात वाढायचा चमचा असलेल्या बाईला तिथे कुणी उलट बोलत नाही. सगळे "अस्सं का" म्हणाले आणि आणखी थोडं वाढून घेतलं. मिसेस डुडांनी तर कागदी रुमालावर लिहूनही घेतलं. ब्रिजेटचे डोळे भरून आले.

त्या तारखेला औषधाच्या दुकानाबाहेर रस्त्यापर्यंत रांग लागली. सगळ्यात पुढे मिसेस डुडा, हातात रुमाल. इतके दिवस गावाला पेटंटबिटंट काही माहीत नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती ब्रिजेटने ट्रे घेऊन टेबलाटेबलावर उघडून दाखवली होती. गोळीचं नवं नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून जो तो म्हणत होता, "ती ब्रिजेटची गोळी द्या."

चाराचे पावणेतीन झाले. आणि त्याच संध्याकाळी एडी पहिली तीन पावलं चालली, थेट मागच्या दाराकडे. ब्रिजेटने तिला उचललं आणि सासऱ्यांसमोर रडत सगळं कबूल केलं.

लेनर्डनी कुपनांची कात्री खाली ठेवली. "माझे महिन्याला साठ वाचले," ते म्हणाले. "डुडाबाईंचे ऐंशी. कुंपण किती लांब हवं तुला?"

शनिवारी गाव घरातल्या उरल्यासुरल्या फळ्या घेऊन हजर झालं. संध्याकाळपर्यंत ओढ्याकाठी कुंपण उभं राहिलं. थोडं पांढरं, थोडं हिरवं, मध्येच एक जुनं दार, मुठीसकट. रात्री टॉड ओहायोच्या आणखी एका फेरीहून परत आला आणि टॉर्च मारून बराच वेळ बघत राहिला.

"चार हजारांत हे?"

"नाही, हे फुकट," ब्रिजेट म्हणाली. "चार हजारांचं जेवल्यावर सांगते."

शेअर अजून तिच्याकडेच आहेत. तेव्हा तुमच्या ओळखीत कुणाला कोलेस्टेरॉल असेल, तर पिवळीच गोळी मागायला सांगा, आणि त्यांना आणखी चौघांना सांगायला सांगा. फक्त ब्रिजेटचं नाव घेऊ नका. ते काढलं, की दुकानदार न विचारता स्वस्तातली काढून देतो.