गावंडे सरांचा पोटभाडेकरू

गावंडे सर सकाळी उठले की आधी गाढविणीचा ताप पाहत, मग चहा घेत. हा क्रम चुकलेला मी कधी पाहिला नाही. मधेच कोणी कप पुढे केला तर ते हात वर करून म्हणत, "सबूर. पह्यले तिचं होऊ द्या."

ती म्हणजे सोनी. चिखलीत कुंभारांच्या गल्लीत सरांची भाड्याची खोली होती, तिच्या मागच्या अंगणात बाभळीला ही करड्या रंगाची गाढवीण बांधलेली असे. कामावर निघालेली माणसं कुंपणाशी थांबून विचारत, "सर, आज किती?" सर थर्मामीटर उजेडात तिरपा धरून सांगत, "एकशेतीन." माणसं हळहळून पुढं जात. गल्लीत त्यांना कोणी हसत नसे. हसायचे ते आमच्या कॉलेजातले लोक.

सोनीला सर्रा झाला होता. हा जनावरांचा आजार. चावऱ्या माशीमुळे रक्तात एक बारीक जंतू शिरतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो वाहत्या पाण्यातल्या मासोळीसारखा वळवळताना दिसतो. ताप येतो, काही दिवसांनी उतरतो, आता बरं आहे असं वाटतं तोच परत येतो. शेजारचा शंकर कुंभार तिला रानात सोडून द्यायला निघाला होता. सर म्हणाले, "मले दे." तेव्हापासून कॉलेजच्या स्टाफरूममध्ये सरांचं नाव 'गाढवाचे डॉक्टर' पडलं.

त्या वेळी महाराष्ट्र होऊन वीस वर्षंही झाली नव्हती, आणि आमच्या घरात 'कॉलेज' हा शब्द येऊन तर दोनच. मी उंद्रीचा. घर भाजीपाल्याचं. माझ्याआधी आमच्यात कोणी मॅट्रिकच्या पुढे गेलं नव्हतं. बाबांनी बी.एस्सी.ला पाठवताना स्पष्ट सांगितलं होतं, "एक डाव, तुळशीराम. फेल झाला तं दुसरा डाव नाही. मंग वाफे हायेत अन् तू हायेस. तुह्या भावानं एकट्यानं किती दिस पाणी धराचं?" ते रागावून बोलले नव्हते. म्हणूनच मला जास्त भीती वाटली. कॉलेजच्या तीन वर्षांत मी झोपेतून दचकून उठलो नाही असा आठवडा गेला नसेल. वर्गात मी कधी प्रश्न विचारला नाही. आपल्याला काही माहीत नाही हे उघडं पडलं तर लोक परत पाठवतील, असं मला वाटायचं.

अशा मुलाला सरांनी का निवडलं? एक म्हणजे माझं अक्षर चांगलं होतं. दुसरं, जनावर माझ्याजवळ शांत राहतं. सोनीच्या कानातून रक्ताचा थेंब काढताना तिचे कान धरायला कोणीतरी लागायचं. दुसऱ्या वर्षापासून मी रोज सकाळी सहाला कान धरायला जाऊ लागलो. सर काचेवर थेंब पसरत, वाळवत, जांभळ्या रंगात बुडवत. मग एका जाड वहीत तारीख, ताप आणि किती जंतू दिसले ते मी लिहून घेई.

सरांची आणखी एक सवय होती. कोणाशीही ओळख झाली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "घर खुदचं हाये का भाड्याचं?" नवे प्राचार्य रुजू झाले, त्यांनाही सरांनी हेच विचारलं. "भाड्याचं," ते गोंधळून म्हणाले. सर खूश झाले. "मंग तुमाले माह्यं सांगणं समजंन!" पुढचा अर्धा तास प्राचार्य उभेच होते.

सरांचं सांगणं असं होतं. मला समजलं तसं लिहितो. चुकत असेन तर दोष माझा.

"हे पाह्य," सर म्हणत, "रक्त म्हंजे घर. हा जंतू म्हंजे फुकटा भाडेकरू. घरमालक पोलीस धाडते. पोलीस काय पाह्यते? याच्या अंगावरचा कोट. लाल कोटवाले दिसले की पकड! चार-सहा दिवसांत लाल कोटवाले साफ. ताप उतरला. पण त्यातल्या एकानं गुपचूप कोट बदलला. आता पिवळा कोट. पोलीस त्याले वळखत नाहीत. त्याचं खानदान वाढलं, की आला ताप!"

"पण सर, तो नवे कोट आणतो कुठून?" हा प्रश्न मी विचारला नव्हता. सर स्वतःच माझ्या वतीने विचारत.

"शाब्बास! त्याच्या अंगातच कपाट हाये. सारे कोट तिथं घडी करून. पण कपाटातला कोट घातल्या जात नाही. तो खुंटीवर याले पाह्यजे. म्हंजे आनुवंशिकतेचा तो तुकडा एका जागेवरून उठून दुसऱ्या जागेवर जाऊन बसत असंन. अन् कधी जुन्या कोटाच्या चिंध्या जोडून गोधडीसारखा नवाच कोट शिवत असंन."

उठून दुसरीकडे बसणारे असे तुकडे अमेरिकेतल्या एका बाईंना मक्याच्या दाण्यात फार पूर्वी सापडले होते आणि लोकांनी ते बरीच वर्षं मनावर घेतलं नव्हतं, हेही सर सांगत. ते सांगताना त्यांचा आवाज उतरायचा. सर परदेशातल्या शास्त्रज्ञांना पत्रं लिहून त्यांचे छापील निबंध मागवत. परदेशी शिक्क्यांची पाकिटं पाहून पोस्टमास्तरांनी एकदा विचारलं, "सर, विलायतेत कोणी सगेसोयरे?" सर म्हणाले, "हाव. सारे जंतू."

पण खरी गोष्ट त्यापुढे होती, आणि ती सांगताना सर खुर्चीवरून उठत. "आता मले सांग, हा उठून बसणारा तुकडा जंतूचा खुदचा असंन काऊन? लाखो वर्षांमागं तोही बाहेरूनच येऊन बसला असंन! भाडेकरूच्या घरात पोटभाडेकरू! आधी नुसतं फुकट खाल्लं असंन त्यानं. अन् मंग राह्यता राह्यता त्यानंच या भाडेकरूले कोट बदलाची कला शिकवली असंन तं?" इथे त्यांचे डोळे मोठे व्हायचे. लगेच ते हात वर करत. "सबूर. साबीत नाही."

हे कोणत्याच पुस्तकात नव्हतं. आमच्या पुस्तकात ताप परत का येतो याचं उत्तर असं होतं: जंतू आपले बाह्य आवरण बदलतो, हे कसे घडते ते अद्याप ज्ञात नाही. संपलं. पुढे धड्यावरचे प्रश्न.

बाबा एकदा सरांना भेटायला आले. पिशवीत वांगी, मेथी. सरांनी विचारलं, "घर खुदचं?" बाबा म्हणाले, "हाव. कुडाचं हाये, पण खुदचं." मग त्यांनी घाबरत विचारलं, "सर, पोरगं निंगून जाईन ना परीक्षेत?" सरांनी मनापासून विचार केला आणि म्हणाले, "गाढव लय चांगलं धरते."

मी बाबांना एसटीत बसवून दिलं. खिडकीतून म्हणाले, "तुळशीराम, गाढव धराचे मार्क किती अस्तेत?"

त्या हिवाळ्यात जिल्ह्याबाहेर प्राध्यापकांची एक सभा होती. सरांनी निबंध लिहिला, मी तो सुवाच्य अक्षरात उतरवला, आणि तापाचे तक्ते धरायला म्हणून सरांसोबत गेलो. सरांनी सोनीच्या तापाचे चढउतार दाखवले, मग हळूच पोटभाडेकरूपर्यंत आले. पहिल्या रांगेतले एक मोठे प्राध्यापक उभे राहिले. कोट, टाय, हळू आवाज. "हा निबंध गावंड्यांनी लिहिला की गाढवानं?"

सभागृह हसलं. सरांनी हातातले कागद जुळवून घडी केली. मग म्हणाले, "दोघांनी मिळून, साहेब," आणि येऊन बसले. लोक आणखीच हसले. परतताना बसमध्ये ते तक्त्यांची सुरळी मांडीवर घेऊन बसले. मेहकरला मला विचारलं, "चूक सांगतलं का रे मी?" मी म्हणालो, "नाही सर." मला खरं तर काहीच कळलं नव्हतं.

शेवटच्या वर्षाच्या प्रॅक्टिकल परीक्षेला दहा दिवस राहिले होते तेव्हा प्रयोगशाळेचे शिपाई बबनभाऊंनी मला जिन्यात गाठलं. "तुळशीराम, बाहेरचे परीक्षक कोण येऊन राह्यले माहीत हाये? तेच. सभेतले गाढववाले."

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आणि आपले सर शेजारी-शेजारी बसतात. सोनीच्या रक्ताची काच तिथे ठेवलेली असणारच, कारण कॉलेजात दुसरी चांगली काच नव्हती. ते विचारणार: ताप परत का येतो? पुस्तकातलं सांगितलं तर सर समोर बसलेले. रोज सहाला मी त्यांच्या अंगणात असतो. सरांचं सांगितलं तर मी फेल, आणि माझा एकच डाव.

"पुस्तकातलं बोल, बे," बबनभाऊ म्हणाले. "सराले काय, ते विसरून जातीन."

सर काही विसरत नाहीत हे मला माहीत होतं. वहीत सगळं मीच लिहीत होतो.

ते दहा दिवस मी कसे काढले ते सांगता येत नाही. सकाळी सोनीचे कान धरून उभा राहायचो आणि सर काही सुचवतील म्हणून वाट पाहायचो. सर ताप सांगायचे, मी लिहायचो. परीक्षेचं नाव त्यांनी काढलं नाही. मला वाटलं, ते माझी परीक्षा पाहत आहेत. मग वाटलं, त्यांना माझ्यावर इतका भरवसा आहे की विचारायची गरजच वाटत नाही. हे दुसरं जास्त वाईट होतं.

माझा नंबर दुपारी आला. टेबलामागे दोघे बसले होते. सरांनी त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घातला होता, आणि ते माझ्याकडे न पाहता टेबलाच्या कडेवरचा ढलपा नखाने सोलत होते. परीक्षकांनी सूक्ष्मदर्शकाकडे बोट केलं.

"काय आहे?"

"ट्रिपॅनोसोमा, सर. सर्ऱ्याचा जंतू."

"ताप परत परत का येतो?"

"तो आपलं बाह्य आवरण बदलतो."

"कसं?"

मी सरांकडे पाहिलं. ते ढलपाच सोलत होते. परीक्षक खुर्चीत मागे टेकले. "तुमच्या कॉलेजात याला काही वेगळं उत्तर देतात म्हणे. तू दे. ऐकू तर खरं."

का ते आजही सांगता येणार नाही, पण मी सुरुवात केली. "आमचे सर म्हणतात, की त्याच्या आनुवंशिकतेतला एक तुकडा..."

"सबूर," सर म्हणाले.

हात वर होता. आवाज मात्र नेहमीचा नव्हता, वर्गात कोणाला बाहेर काढताना असतो तसा होता.

"पुस्तकात काय लिह्यलं हाये? तेवढं सांग."

"हे कसे घडते ते अद्याप ज्ञात नाही," मी म्हणालो.

"बस. हेच उत्तर." मग परीक्षकांकडे वळून, "पोराले बरोबर येते, साहेब. मीच मधात काहीबाही सांगत होतो."

परीक्षक थोडे हसले. "म्हणजे ते सगळं सोडलं म्हणायचं?"

"सोडलं, साहेब."

परीक्षकांनी कागदावर आकडा लिहिला. मी बाहेर आलो. आधी मला सुटल्यासारखं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. नळावर जाऊन मी पोटभर पाणी प्यालो. लाज वाटली ती त्यानंतर.

पुढे निकाल लागला आणि मी पास झालो. मला सांगायचं आहे ते परीक्षेच्या त्या संध्याकाळचं.

मी सरांच्या अंगणात गेलो. सर खाटेवर बसून ताटात तूरडाळ निवडत होते. एकटा माणूस, मूठभर डाळ, पण एकेक दाणा बघत होते.

"सर, माफ करा."

"कायची माफी?"

"माह्यामुळं तुमाले सोडलं म्हणा लागलं. त्या माणसासमोर."

"अबे लेका, मी सोडलं म्हणल्यानं ते तुकडे काय हालाचे थांबतीन?" एक खडा त्यांनी अंगणात भिरकावला. मग हळूच म्हणाले, "हालत असतीन तं."

मी त्यांच्याकडे पाहिलं. दोन वर्षांत हा 'असतीन तं' मी कधी ऐकला नव्हता. 'साबीत नाही' ते नेहमी म्हणायचे, पण ते म्हणताना त्यांचे डोळे चमकायचे.

"एक इचारू?" सर ताटातच पाहत म्हणाले. "इथं मार्क नाहीत. कोणी आइकत नाही. तुले काय वाटते? हालत असतीन का?"

हो म्हणणं सोपं होतं. मेहकरला तसंच म्हटलं होतं. त्यांनाही तेच हवं असेल, असं वाटलं. पण त्या दिवशी माझ्याकडून आणखी एक पाठ केलेलं उत्तर निघेना. इतकी वर्षं जे तोंडातून निघू नये म्हणून मी जीव मुठीत धरला होता, तेच निघालं.

"मले माहीत नाही, सर."

सरांचा हात थांबला. मला वाटलं, आता यांना मी दुखावलं. मग त्यांनी ताट बाजूला ठेवलं आणि खाटेवर सरकून माझ्यासाठी जागा केली.

"बस," ते म्हणाले. "लय बरं वाटलं लेका. मले वाटे, माहीत नसलेला या आख्ख्या गावात मी एकलाच."